आंतरराष्ट्रीय कृषी संशोधनातले 'प्रोग्राम मॅनेजर' नक्की करतात काय? एमपीएससी सोडून तिकडं वळावं का?

वखरपाळी (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. परभणीच्या कृषी विद्यापीठात एमएस्सी ॲग्री करतोय, विषय ॲग्रॉनॉमी, शेवटचं सत्र. प्रबंध तूर-सोयाबीन आंतरपिकावर. घर जिंतूर तालुक्यात, साडेचार एकर, सगळी कोरडवाहू.

होस्टेलवर आमच्या मजल्याला दोनच जमाती आहेत: एमपीएससीवाले आणि बँकेच्या एएफओवाले, म्हणजे कृषी अधिकारी व्हायचं असणारे. मीही पहिल्यातला. एकदा पूर्व परीक्षा थोडक्यात हुकली. गेल्या महिन्यात विभागात एका पाहुण्या वक्त्यांचं व्याख्यान झालं. ते म्हणाले की हैदराबादजवळ पटान्चेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे, तसल्या संस्थांना जगभर नुसते शास्त्रज्ञ नाही, संशोधनाचं व्यवस्थापन करणारी माणसंही लागतात. रात्री मोबाईलवर जाहिराती शोधल्या. नैरोबी, बमाको, लिलाँग्वे, सगळी आफ्रिकेतली. पात्रता वाचून डोकं गरगरलं. 'डोनर रिपोर्टिंग', 'लॉगफ्रेम', 'स्टेकहोल्डर'... दोन पानांत पीक हा शब्द एकदाच सापडला.

तर हे लोक सकाळी उठून करतात काय? पीएचडी लागतेच का? बारावीपर्यंत मराठी माध्यम, इंग्रजी वाचतो बरं पण बोलताना घसा कोरडा पडतो. आणि नोकरी टिकते का? बाबांचं म्हणणं, "साहेब व्हायचं सोडून दुसऱ्याचं रान बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?"

सुपारीची_बाग

बाबांचं बरोबर आहे, पण आमच्या दापोलीच्या बॅचमधला एमपीएससीतून लागलेला मित्रही दिवसभर दुसऱ्याचंच रान बघतो. तेही पंचनाम्याला. :)

थट्टा सोड. इथे 'कोरडवाहू' या नावाने लिहिणारे एक सदस्य आहेत, त्यांची आफ्रिकेत बरीच वर्षं गेली आहेत. ते दिसले तर त्यांना विचार.

वखरपाळी

कोरडवाहू सर, वेळ असेल तर कृपया सांगा.

कोरडवाहू

सर नाही रे. मावशी म्हण, वयाने तेवढी आहे.

मी पारनेर तालुक्यातली, शिक्षण राहुरीचं. १९९४ला पटान्चेरूला संशोधन सहायक म्हणून लागले. अकरा वर्षं बाजरीच्या प्लॉटमध्ये कणसांना पिशव्या घातल्या, वह्या भरल्या. मग नायजरला गेले, २००५ ते २०११. पुढे नैरोबीत आठ वर्षं. आता पुण्यात असते आणि गुडघ्यांचे व्यायाम करते. पटान्चेरूनंतर ज्यांच्याकडे कामं केली त्यांची नावं सांगणार नाही, कारण खाली तक्रारी येणार आहेत.

आधी तुझ्या बाबांचं. मराठवाड्यात बाजरी पेरणाऱ्या जुन्या माणसांना आयसीटीपी ८२०३ हे नाव विचार. टपोऱ्या दाण्याची, लवकर येणारी. महाराष्ट्रात ती १९८८ला आली. तिचं मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या उत्तर भागातल्या एका गावरान वाणात आहे, पटान्चेरूला त्यातून निवड झाली. पुढे तिच्यातूनच लोह जास्त असलेली 'धनशक्ती' निवडली, ती राहुरीच्या विद्यापीठासोबत आणली. म्हणजे टोगोतल्या कुणाचं तरी रान कुणीतरी बघितलं होतं, म्हणून आमच्या घरी भाकरी बरी झाली. ते बी एका देशातून दुसऱ्या देशात जाताना परवानगी, रोगतपासणी, क्वारंटाइन, नोंद हे सगळं कुणाला तरी करावं लागलं. शास्त्रज्ञाचं नाव वाणाला चिकटतं. कागद करणाऱ्याचं कुठे चिकटत नाही. हे चालणार असेल तरच पुढे वाच.

आता सकाळी उठून काय करतात ते. नायजरचं सांगते, कारण तिथे माझं डोकं ठिकाणावर आलं.

नियामीला, म्हणजे नायजरच्या राजधानीत, उतरले तेव्हा वाटलं, बाजरी तर आपल्या घरची. तिथली बाजरी हातभर कणसाची, वाळूत उगवते. ओळीत पेरत नाहीत, मीटरभर अंतराने टोकतात. खायला तिचा घट्ट गोळा, तुवो म्हणतात, सोबत भेंडीचा बुळबुळीत रस्सा. भाकरी तिथे कुणाला माहीत नाही. मी थापून दाखवली तर शेजारणी हसून लोटपोट. 'फोफो' हा तिथल्या झार्मा भाषेतला शब्द पहिल्या दिवशी शिकले, नमस्कारालाही चालतो आणि आभारालाही. फ्रेंच मात्र सहा महिने रडत शिकले.

आमचा प्रकल्प खताच्या चिमटीचा होता. मायक्रोडोसिंग म्हणतात. वाळूच्या रानात फेकून खत द्यायला तिथल्या शेतकऱ्याकडे पैसे नसतात, म्हणून प्रत्येक टोकणीच्या जागी फक्त ६ ग्रॅम १५:१५:१५ द्यायचं. माप म्हणजे सोड्याच्या बाटलीचं बूच, नाहीतर तीन बोटांची चिमूट. हेक्टरी साधारण १०,००० टोकणी, म्हणजे ६० किलो खत. बी रुजताना मुळाशी तेवढं मिळालं तरी रोप जोर धरतं. नियामीजवळ सादोरेला इक्रिसॅटचं केंद्र आहे, त्या भागात यावर बरंच काम झालेलं होतं. आमचं काम होतं ते गावोगाव नेणं, मोजणं आणि पैसे देणाऱ्याला कळवणं.

२००८ साल आठव. खतांच्या किमती जगभर भडकल्या होत्या. आमचं अंदाजपत्रक त्याआधीच्या वर्षी केलेलं, खताच्या रकान्यात जुना भाव. नव्या भावात निम्मंसुद्धा येईना. करारात लिहिलेलं की एका रकान्यातून दुसऱ्यात दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम हलवायची तर लेखी परवानगी हवी. मी मार्चमध्ये पत्र टाकलं. पैसे देणाऱ्यांच्या कचेरीत ते एका टेबलावर थांबलं, कारण ती बाई बाळंतपणाच्या रजेवर आणि तिच्या जागी कुणी नाही. एप्रिल गेला, मे गेला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस पडला. गावातून फोन आला, बायका विचारतायत, पेरू का थांबू?

त्या पावसाला थांबून चालत नाही. वाळूतली ओल तीन दिवसांत जाते. मी म्हटलं, पेरा. प्रकल्पाच्या आराखड्यात लिहिलं होतं 'खत पेरणीसोबत'. खत आलं बावीस दिवसांनी. शास्त्रज्ञ म्हणाला, आता देऊ नका, माझा प्रयोग बिघडला. हिशेबवाले म्हणाले, खरेदी झाली आहे, वाटप न झाल्यास ऑडिटमध्ये निघेल. मी राहुरीची असल्याने मला एवढं कळत होतं की पहिल्या खुरपणीला रोपाजवळ दिलं तरी बाजरी ते घेते, अजून वेळ गेलेली नाही. दिलं. त्या गावांची नोंद वेगळ्या गटात केली, अहवालात उशिराचं कारण तारखांसकट लिहिलं. शास्त्रज्ञ वर्षभर माझ्याशी तुटक बोलत होता. नंतर त्याच वेगळ्या गटावर त्याने स्वतंत्र तक्ता केला, तेव्हा चहा पाजला.

तू विचारलंस ना, काय करतात. हेच. पावसाचं एक वेळापत्रक, पैशाचं दुसरं, प्रयोगाचं तिसरं, आणि तिघंही एकमेकांना ओळखत नाहीत. लॉगफ्रेम वगैरे शब्दांना घाबरू नकोस. आपण काय करणार, त्याने काय बदलणार, ते कशावरून कळणार, आणि कशावर आपला ताबा नाही, याचा तक्ता. दोन दिवसांत शिकशील. पावसाला 'थांब' म्हणता येत नाही हे मात्र ज्याने पेरणी केली नाही त्याला शिकवायला दोन वर्षं लागतात. माझे काही एमबीए सहकारी फार हुशार होते, पण जुलैत कार्यशाळा ठेवायचे आणि शेतकरी येत नाहीत म्हणून नाराज व्हायचे.

पीएचडीचं: शास्त्रज्ञाच्या शिडीवर हवीच. व्यवस्थापनाच्या शिडीवर एमएस्सी आणि आठ-दहा वर्षांचा खरा अनुभव चालतो, पण अगदी वरच्या जागांवर पीएचडीवाल्याचंच ऐकतात. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. माझी पीएचडी नाही आणि ती दोनदा नडली.

आणखी एक गोष्ट, जी जाहिरातीत बारीक अक्षरात असते. या संस्थांत दोन पंगती असतात, स्थानिक भरतीची आणि आंतरराष्ट्रीय भरतीची. पगार, घर, मुलांची शाळा, सगळ्यात फरक. पटान्चेरूला मी पहिल्या पंगतीत होते, नियामीला दुसऱ्या. त्या दिवशी माझी अक्कल एकदम वाढली असं काही नव्हतं, पंगत बदलली होती. नियामीत माझ्या हाताखालचा नायजरचा सहकारी माझ्याहून जास्त जाणणारा आणि पगार माझ्या एका कोपऱ्याएवढा. हे रोज डोळ्यांसमोर ठेवून काम करावं लागतं.

टिकण्याचं: दोन-तीन वर्षांचे करार. प्रकल्प संपला की तुम्ही संपलात, नवा आणलात तर राहिलात. सरकारी पेन्शनसारखं काही नाही. मी लग्न केलं नाही, त्यामुळे बॅग भरणं सोपं गेलं. ज्यांच्या घरी मुलं होती त्यांचे हाल बघितले आहेत.

भाषेचं: इंग्रजी बोलण्याची भीती जाते, तिथे कुणाचीच मातृभाषा इंग्रजी नसते. पण पश्चिम आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत फ्रेंचशिवाय गाडी हलत नाही. पुण्यात आलियाँस फ्राँसेज आहे. आज नाव घाल, उपयोग पाच वर्षांनी होईल.

आऱ्या_सुटल्या

मावशींनी 'प्रकल्प संपला की तुम्ही संपलात' हे जुन्या काळाच्या हिशेबाने लिहिलं. माझा प्रकल्प संपलासुद्धा नव्हता.

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात भुईमुगाच्या प्रकल्पावर होतो, पैसा अमेरिकन सरकारच्या परदेशी मदतीचा. जानेवारी २०२५च्या शेवटी काम थांबवायचं पत्र आलं. घानातल्या भागीदारांकडे शेंगा पोत्यांत होत्या, ॲफ्लाटॉक्सिन (शेंगांतलं बुरशीचं विष) तपासायचे नमुने फ्रीजरमध्ये. त्या फ्रीजरचं वीजबिल कोण भरणार, यावर आम्ही दोन आठवडे ईमेल लिहीत होतो. १ जुलै २०२५ला ही मदत देणाऱ्या यूएसएड या संस्थेचं कामकाजच अधिकृतपणे थांबलं. अनुभवी माणसं एकदम बाजारात आली. तू अर्ज करशील त्या जागेला पंधरा वर्षं अनुभवाचेही अर्ज असतील.

घाबरवत नाही. पण कुणाच्या पैशावर काम चालतं ते जाहिरात वाचतानाच बघ. आणि एकाच देशाच्या तिजोरीवर उभा असलेला प्रकल्प घेताना घरभाड्याचा करार लांब करू नकोस. मी केला होता.

काळी_जमीन

परभणीतच बसून सुरुवात करता येते, ते कुणी सांगत नाहीये. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, जागतिक बँकेच्या कर्जावर चालतो आणि परभणीची गावं त्यात आहेत. राज्याचा स्मार्ट हा कृषी प्रकल्पही जागतिक बँकेचाच. विदर्भात पूर्वी 'आयफॅड'च्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या कृषी निधीच्या, मदतीचा केम हा शेतीचा प्रकल्प होता, 'माविम'ची, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाची, तेजस्विनीही आयफॅडचीच. मी यांतल्या एकात कंत्राटी होतो. खरेदीची पद्धत, पर्यावरण-सामाजिक तपासणी, निर्देशांक, मध्यावधी आढावा, सगळी तीच भाषा जी मावशी नियामीत बोलत होत्या. फरक एवढाच की समोर जिंतूरचा शेतकरी असतो आणि तू त्याला मराठीत विचारू शकतोस.

शिष्यवृत्त्या: आयसीएआरची नेताजी सुभाष फेलोशिप परदेशी पीएचडीसाठी आहे. मास्टर्ससाठी युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडस. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांना राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. नेदरलँड्सच्या वाखेनिंगेन विद्यापीठात आपली बरीच मुलं दिसतात. हैदराबादच्या नार्म आणि मॅनेज या संस्था विसरू नकोस, कृषी संशोधन आणि विस्ताराच्या व्यवस्थापनाचं प्रशिक्षण घराजवळच आहे.

वखरपाळी

सगळ्यांचे खूप आभार. मावशी, एक विचारायचं राहिलं, राग मानू नका. एवढे करार, अहवाल, विमानप्रवास. शेवटी शेतकऱ्याच्या हातात काही पडतं का? आमच्या गावात बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरी पाडून पेरायचं यंत्र आलं, फोटो काढले, आणि पुढच्या हंगामात ते ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये.

कोरडवाहू

राग कसला. हा प्रश्न मुलाखतीत विचारलास तर मी तुला घेतलं असतं.

बीबीएफचं आधी. रुंद वरंबा-सरीचं ते तंत्र पटान्चेरूलाच काळ्या रानासाठी सत्तरच्या दशकापासून घडत होतं, बैलांनी ओढायच्या चाकांच्या औजारासकट. औजार महाग होतं, कुणी घेतलं नाही. पुढे कैक वर्षांनी ट्रॅक्टर आणि सोयाबीन गावागावात आल्यावर तीच कल्पना महाराष्ट्रात चालायला लागली. तेव्हा शेडमधलं यंत्र बघून लगेच निकाल देऊ नकोस. फोटो काढणाऱ्याला मात्र खुशाल नावं ठेव.

आता तुझ्या प्रश्नाचं. नायजरचं एक समाधान आहे. तिथे वॉरंटेज म्हणून पद्धत आहे. सुगीला धान्य गावाच्या गोदामात ठेवायचं, त्यावर कर्ज घ्यायचं, भाव चढल्यावर सोडवायचं. आपल्या बाजार समितीतली शेतमाल तारण योजना, तीच. एका गावातल्या बायकांनी त्या कर्जातून शेंगतेलाचा धंदा केला. मी गेले तेव्हा मला एक बाटली दिली आणि पैसे घेतले. फुकट दिली नाही, त्याचा मला फार आनंद झाला.

आणि एक असमाधान आहे, ते तुझ्या पिकाचं. नैरोबीला असताना एका प्रकल्पात टांझानियाच्या बाबाती भागात तूर होती. तिकडे तिला 'म्बाझी' म्हणतात, मक्यात आंतरपीक घेतात. प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिला गेला तेव्हा, २०१५मध्ये, भारतात तूरडाळ २०० रुपये किलो झाली होती. पहिल्याच पानावर मी लिहिलं होतं: भारताची मागणी पक्की आहे. मीच लिहिलं होतं, कारण बैठकीत मीच एकटी भारतीय, सगळे माझ्याकडे बघत होते. मर रोगाला दाद न देणारी वाणं, बियाण्याचे गट, आरुशाच्या व्यापाऱ्यांशी ओळख, सगळं नेटकं. क्षेत्र वाढलं. आमचे निर्देशांक हिरवे.

मग २०१६-१७ला आपल्याकडे तुरीचं उत्पादन आदल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट झालं. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली. तुझे बाबा त्या वर्षी खरेदी केंद्रावर रांगेत असतील. ऑगस्ट २०१७मध्ये भारत सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. आपल्या शेतकऱ्यासाठी ते करणं भाग होतं, मी पारनेरला शेती करत असते तर मीही तेच मागितलं असतं. पण मी त्या आठवड्यात बाबातीत होते. अंगणात म्बाझीची पोती आणि व्यापारी फिरकत नाही. एका म्हाताऱ्याने मला विचारलं, तुमच्या देशात लोक डाळ खायचे बंद झाले का?

वार्षिक अहवालात 'शेतकऱ्यांपर्यंत पोचलेलं सुधारित बियाणं' या रकान्यात आम्ही लक्ष्यापेक्षा पुढे होतो. भावाचा रकानाच नव्हता. मी एक पान जादा जोडलं, त्या म्हाताऱ्याच्या पोत्यांचा हिशेब. वरून उत्तर आलं, हे आमच्या आराखड्याबाहेर आहे. पुढच्या प्रस्तावात मी भांडून दोन गोष्टी घालून घेतल्या: खरेदीदार एकाच देशातला नको, आणि गावातच डाळ भरडण्याची सोय हवी. गिरणी बसली. सगळी तूर तिथे खपते असं नाही, पण नैरोबीच्या दुकानांत थोडी जाते.

म्हणून पडतं की नाही, याचं उत्तर गावागणिक वेगळं आहे. तू आलास तर प्रस्तावाच्या पहिल्या पानावर 'मागणी पक्की आहे' असं लिहिताना तुझा हात अडखळेल, कारण तू त्या रांगेत बाबांना डबा नेला असशील. एवढ्यासाठी तरी ये असं मला वाटतं. पण एमपीएससीचा फॉर्म भरत राहा. दोन्ही डगरींवर पाय ठेवायला तुझ्या वयात हरकत नाही. काळी_जमीन म्हणतात तसं आधी पोकरासारख्या ठिकाणी दोन हंगाम काढ.

आणि तुझ्या प्रबंधातला एकरी खर्चाचा तक्ता मला व्यक्तिगत निरोपात पाठव. इंग्रजीत, एका पानात. चुका मी लाल करीन.

वखरपाळी

पाठवतो मावशी, रविवारपर्यंत.

डबा नेला होता. सेलूच्या केंद्रावर तीन दिवस ट्रॅक्टर उभा होता, बारदाना संपला म्हणून. काल रात्री बाबांना बाबातीची गोष्ट फोनवर सांगितली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिकडल्यांना तरी बारदाना टायमावर मिळतो का, इचार त्यांना."

कोरडवाहू

बारदाना मिळतो, सांग त्यांना. पण व्यापारी पोत्याच्या तोंडावर जाळीचं टोपडं शिवून पोतं दीडपट उंच भरून घेतो आणि भाव एकाच पोत्याचा देतो. लुंबेसा म्हणतात त्याला. कायद्याने बंदी आहे, तरी चालतं. आपल्याकडे व्यापारी तोलताना वजन कापतो, त्या कडत्याची सख्खी बहीण.